महाविद्यालयीन क्षेत्रीय अभ्यास आणि सह्याद्रीतील वनस्पती : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासक्रमात सहलीला पूर्वीपासून स्थान आहे. तथापि सहलीतून काय शिकावयाचे, याविषयीची कल्पना काळानुरूप बदलत गेली. प्रस्तुत लेखात पुणे व मुंबई येथील उदाहरणांच्या आधारे या बदलाचा मागोवा घेतला आहे.

संग्रहाकडून निरीक्षणाकडे :
पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य थिओडोर कूक हे मूळचे अभियंते. मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. निवृत्तीनंतर इंग्लंडमध्ये सिद्ध केलेल्या या ग्रंथाचा मुख्य आधार वाळविलेले नमुने हा होता. नमुन्यावरून जातीची ओळख पटते; परंतु ती कोणत्या वनस्पतींच्या सान्निध्यात वाढते, हे त्यावरून क्वचितच कळते.

मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव (१९०३–१९७०) यांनी खंडाळ्याच्या एकाच परिसराचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. त्यातून साकारलेला ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे प्रमुख झाले.

कारवीचे उदाहरण :
एकाच ठिकाणी पुनःपुन्हा जाण्याचे महत्त्व कारवीवरून स्पष्ट होते. सह्याद्रीच्या उतारांवर दाट वाढणारे हे झुडूप साधारणतः सात-आठ वर्षांनी एकदाच सामूहिकरीत्या फुलते, बी धरते व वाळून जाते. पदवीच्या तीन-चार वर्षांत विद्यार्थ्याला हा बहर दिसेलच असे नाही. मात्र विभागाने दरवर्षीच्या नोंदी जपल्या, तर एका तुकडीचे निरीक्षण पुढच्या तुकडीला उपयोगी पडते.

अनिवार्य अभ्यासक्रम :
सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ मधील निर्देशास अनुसरून या शतकाच्या प्रारंभी पदवी स्तरावर पर्यावरण विषय अनिवार्य झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या त्या पाठ्यक्रमात ५० तासिकांपैकी ५ तासिका क्षेत्रकार्यासाठी होत्या. सर्व शाखांचे विद्यार्थी निसर्गाकडे वळावेत, हा हेतू स्तुत्य होता. परंतु पाच तासिकांत परिसराची ओळख होते, त्यातील बदल समजत नाही.

समारोप :
दूरच्या सहलीपेक्षा महाविद्यालयाजवळील एखादी टेकडी, ओढा किंवा देवराई कायमची निवडून तिची नोंदवही प्रत्येक तुकडीने पुढे चालवावी. टेकड्या वेगाने बांधकामाखाली जात असताना, तेथे पूर्वी काय होते, हे सांगणारा पुरावा अशाच नोंदींतून उरेल.