ओळखीच्या जागी बैठक क्रमांक

अमेरिकेत वकिलीची सनद राज्याराज्यातून मिळते, आणि ती मिळवू पाहणाऱ्याला दोन गोष्टींची तयारी करावी लागते: कायद्याची आणि परीक्षेच्या दिवसाची. दुसऱ्या तयारीचे नियमपत्रक प्रत्येक राज्य आपापले काढते. आत नेण्याचे सामान पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हवे, मोबाइल आणि कागद बाहेर, घड्याळाचे नियम राज्यागणिक वेगळे. व्हर्जिनियात तर अनेक दशके कोर्टात घालावा तसा पोशाख सक्तीचा होता, आणि पायांत मात्र आवाज न करणारे मऊ तळाचे बूट. वरवर पाहता हा सगळा उगाचचा काच वाटतो. मला तो तसा वाटत नाही. या परीक्षेचा साचा गेल्या दीडशे वर्षांत घडला, तो वकिलाला काय यायला हवे यापेक्षा सनदेचा निर्णय ओळखीपाळखीच्या माणसाच्या हातून कसा काढून घ्यावा, या विचारातून. ही कमाई खरी आणि मोलाची आहे. फक्त उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी बैठक क्रमांक असला म्हणजे उंबरठा सगळ्यांना सारखाच उंच असतो, असे समजून चालत नाही.

आधीची पद्धत कशी होती, ते अब्राहम लिंकन यांच्याच एका प्रसंगातून दिसते. इलिनॉयमध्ये १८३६ साली सनद मिळालेले लिंकन पुढे स्वतः परीक्षक झाले. जोनाथन बर्च नावाच्या उमेदवाराने नंतर सांगून ठेवले की त्याची परीक्षा हॉटेलच्या खोलीत, लिंकन अंघोळ करत असताना झाली. चारदोन प्रश्न, मग बराच वेळ गप्पा आणि किस्से, आणि शेवटी न्यायाधीश लोगन यांच्या नावे एक चिठ्ठी. चिठ्ठीवर काम झाले. यात लिंकन यांचा मोठेपणा दिसतो हे कबूल, पण ज्याला लिंकनसारखा परीक्षक भेटला नाही त्याचे काय? इंडियाना राज्याने याचे टोकाचे उत्तर दिले. तिथल्या १८५१ च्या राज्यघटनेने सद्वर्तनी मतदाराला वकिलीचा हक्कच देऊन टाकला, आणि हे कलम १९३२ पर्यंत टिकले. बाकी राज्ये हळूहळू लेखी परीक्षेकडे वळली. मॅसॅच्युसेट्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच तिची सुरुवात झाली होती, आणि न्यूयॉर्कने १८९४ मध्ये सबंध राज्यासाठी एकच परीक्षक मंडळ नेमले.

समोर बसून चार शब्द बोलल्याने माणूस कळतो, कागदावर तो कळत नाही, असा आक्षेप यावर घेतला जातो. माणूस कळतो हे खरे, पण कळल्यावर त्याचे काय केले जाते तेही पाहायला हवे. मायरा ब्रॅडवेल १८६९ मध्ये इलिनॉयच्या परीक्षकांसमोर बसल्या आणि पात्र ठरल्या. तरीही राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्त्री म्हणून सनद नाकारली, आणि १८७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नकार कायम केला. आपल्या नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींचीही हीच कथा: मुंबई विद्यापीठाची एलएल.बी., मग १८९९ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा, दोन्ही उत्तीर्ण, आणि हिंदुस्थानात स्त्रियांना वकिलीची दारे उघडणारा कायदा व्हायला मात्र १९२३ साल उजाडले. दोघींनाही अडवले ते प्रश्नपत्रिकेने नव्हे, दारावरच्या माणसांनी.

उलट बाजूने, परीक्षाच दार बंद करायला वापरली गेली, याचाही पुरावा आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. साउथ कॅरोलिनात राज्य विद्यापीठाच्या पदवीधरांना परीक्षेशिवाय सनद मिळे, आणि ते विद्यापीठ फक्त गोऱ्यांचे होते. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी १९४७ मध्ये वेगळे विधी महाविद्यालय निघाले, आणि पाठोपाठ ही सवलत रद्द होऊन परीक्षा सक्तीची झाली. नियम सर्वांना एकच, पण तो आणण्याची वेळच सगळे सांगून जाते.

मग परीक्षा हवीच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. विस्कॉन्सिनने १८७० पासून आपल्या पदवीधरांना परीक्षेविना सनद दिली आणि आजही तिथल्या दोन विधी महाविद्यालयांना ती मुभा आहे. तिथले न्यायदान त्यामुळे कोसळले नाही. मात्र ही मुभा घरच्या मुलांसाठी आहे, ज्यांचे शिक्षण राज्याच्या डोळ्यांसमोर होते. पुण्या-मुंबईत एलएल.बी. करून पुढे अमेरिकेत एलएल.एम. करणारी मुलगी न्यूयॉर्कच्या परीक्षेला बसू शकते. तिथे तिच्या वडिलांना ओळखणारा न्यायाधीश नसतो, तिच्यासाठी चिठ्ठी लिहिणाराही कोणी नसतो. तिची सगळी भिस्त त्या बैठक क्रमांकावर. नाव नसलेल्या उत्तरपत्रिकेचे मोल परक्या माणसाला जास्त कळते.

या साच्याची किंमतही मोठी आहे. फेब्रुवारी १९७२ पासून अनेक राज्यांत बहुपर्यायी परीक्षा आली: २०० प्रश्न, सकाळी १०० आणि दुपारी १००, प्रत्येक सत्र तीन तासांचे. म्हणजे प्रश्नामागे १०८ सेकंद. शिवाय आता त्यातले २५ प्रश्न गुणांत धरलेच जात नाहीत, पुढच्या परीक्षांसाठी ते नुसते अजमावून पाहायचे असतात, आणि ते कोणते हे उमेदवाराला कळत नाही. कोणत्याही अशिलाने वकिलाकडे १०८ सेकंदांत चारांतला एक पर्याय मागितलेला नाही. खऱ्या कामाशी जवळीक आहे ती १९९७ पासूनच्या प्रात्यक्षिक भागाची. त्यात हातात प्रकरणाची फाइल आणि लागणारे कायदे दिले जातात, आणि दीड तासात टिपण किंवा पत्र लिहून द्यायचे असते. पाठांतर इथे उपयोगी पडत नाही. हा भाग वाढायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे. तपासायला सोपे म्हणून बहुपर्यायी प्रश्नांना एवढे वजन मिळाले, आणि समान वागणुकीच्या नावाखाली सोय पुढे आली.

परीक्षेच्या दिवसाचे नियमही याच मापाने मोजायला हवेत. हा नियम कॉपी अडवतो का, की नुसता अडवतो? मोबाइल बाहेर ठेवणे पहिल्यात बसते. पण कित्येक राज्यांच्या नियमांत पाळीच्या पॅडना आत नेण्याच्या वस्तूंमध्ये जागाच नव्हती. तीन तासांचे सत्र, शौचालयात गेलेला वेळ भरून मिळत नाही, आणि स्वतःचे पॅड जवळ नाही, अशा स्थितीत ती १०८ सेकंदे सगळ्यांना सारखी उरत नाहीत. नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कोणते शरीर होते, ते त्या यादीतून कळत होते. जुलै २०२० मध्ये विद्यार्थिनींनी आणि कायद्याच्या प्राध्यापकांनी परीक्षक मंडळांना पत्रे पाठवली. काही राज्यांनी नियमपत्रक बदलले, आणि पारदर्शक पिशवीत पेन्सिलींच्या शेजारी पॅड ठेवता येऊ लागले.