निमोट्युझुमॅब

निमोट्युझुमॅब हे डोके व मान या भागांतील कर्करोगांवर वापरले जाणारे एक मोनोक्लोनल प्रतिपिंड (अँटिबॉडी) आहे. कर्कपेशींच्या पृष्ठभागावरील 'ईजीएफआर' या ग्राहीला (रिसेप्टर) चिकटून ते पेशीकडे येणारा वाढीचा व प्रसाराचा संदेश अडवते. त्याचे मूळ संशोधन क्युबाची राजधानी हवाना येथे झाले. भारतात बायोकॉन या कंपनीने ते २००६ मध्ये 'बायोमॅब ईजीएफआर' या नावाने बाजारात आणले. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात ५३६ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. या औषधाविषयीच्या महत्त्वाच्या अभ्यासांत तिची गणना होते.

नावाची व्युत्पत्ती

मोनोक्लोनल प्रतिपिंडांच्या नावाअखेरीस 'मॅब' हा प्रत्यय येतो. त्याआधीचे 'झु' हे अक्षर प्रतिपिंड मानवसदृश केलेले असल्याचे, तर 'ट्यु' हे त्याचे लक्ष्य अर्बुद (ट्यूमर) असल्याचे दर्शवते. सेटुक्सिमॅब या नावातील 'क्सि' हे अक्षर उंदीर व मानव यांच्या प्रथिनांचे मिश्रण सुचवते. प्रतिपिंडाचा उगम सांगणारी ही अक्षरे जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये नव्या नावांतून वगळली. जुनी नावे तशीच राहिली.

ग्राही आणि कर्करोगाचा प्रसार

ग्राही हे पेशीच्या आवरणात रुतलेले प्रथिन असते. त्याचा एक भाग पेशीबाहेर, तर दुसरा पेशीच्या आत असतो. त्वचेच्या वाढीस चालना देणाऱ्या 'ईजीएफ' या घटकाचा शोध स्टॅन्ली कोहेन यांनी लावला. त्यासाठी त्यांना रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांच्यासह १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा घटक ज्या ग्राहीला चिकटतो तो ईजीएफआर होय.

घटक चिकटताच दोन ग्राही परस्परांशी जोडले जातात आणि त्यांच्या आतील भागावर फॉस्फेटचे गट बसतात. त्यातून संदेशांची एक साखळी सुरू होऊन पेशीच्या केंद्रकापर्यंत पोहोचते. निरोगी त्वचेत ही क्रिया गरजेपुरतीच चालते. डोके व मान यांच्या बहुतेक कर्करोगांत मात्र हा ग्राही प्रमाणाबाहेर आढळतो. परिणामी पेशी अखंड विभाजित होतात व मरण्याचे टाळतात. नव्या रक्तवाहिन्या ओढून घेतात, शेजारच्या पेशींशी असलेली पकड सैल करतात आणि भोवतालची ऊती विरघळवणारी विकरे स्रवतात. मानेतील लसिकाग्रंथींपर्यंत रोग पोहोचण्यामागे या घडामोडींचा मोठा वाटा असतो.

विकास

एकाच प्रकारची प्रतिपिंडे प्रयोगशाळेत हवी तितकी तयार करण्याची पद्धत जॉर्ज कोहलर व सेझार मिलस्टीन यांनी १९७५ मध्ये शोधली. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी जॉन मेंडेलसोन व गॉर्डन सातो यांनी अमेरिकेत ईजीएफआर अडवणारे उंदरापासूनचे प्रतिपिंड तयार केले. पुढे त्यापासूनच सेटुक्सिमॅब हे औषध निघाले.

उंदराचे प्रतिपिंड जसेच्या तसे माणसाला दिल्यास शरीर त्याला परके समजते आणि त्याविरुद्ध स्वतःची प्रतिपिंडे बनवते. औषधाचा प्रभाव त्यामुळे ओसरतो. यावर हवानाच्या रेण्वीय प्रतिरक्षाशास्त्र केंद्रातील संशोधकांनी उपाय योजला. उंदराच्या प्रतिपिंडातील ग्राहीला ओळखणारे मोजके भाग त्यांनी मानवी प्रतिपिंडाच्या सांगाड्यावर बसवले. या मानवसदृश रूपाचे वर्णन १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. क्युबाशी झालेल्या भागीदारीतून बायोकॉनने पुढे बंगळुरू येथे औषधाचे उत्पादन सुरू केले. चीनमध्ये नाक-घशाच्या कर्करोगासाठी ते २००८ पासून वापरात आहे.

कार्यपद्धती

निमोट्युझुमॅबची ग्राहीवरील पकड मध्यम स्वरूपाची आहे. प्रतिपिंडाच्या दोन्ही भुजा शेजारच्या दोन ग्राहींना एकाच वेळी धरतात तेव्हाच ते पेशीवर टिकून राहते. ग्राहींची दाटी असलेल्या कर्कपेशीवर हे सहज साधते. निरोगी त्वचेवर ग्राही विरळ असल्याने औषध सुटून जाते. सेटुक्सिमॅब घेणाऱ्या रुग्णांच्या चेहऱ्यावर व छातीवर उठणारे तीव्र पुरळ निमोट्युझुमॅबने क्वचितच दिसते, त्याचे हे कारण मानले जाते.

मुंबईतील चाचणी

भारतातील अनेक केंद्रांमध्ये ९२ रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासाचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले व ते आशादायक होते. मात्र रुग्णसंख्या लहान असल्याने मोठ्या चाचणीची गरज होती. टाटा स्मारक रुग्णालयातील विजय पाटील, वनिता नोरोन्हा, कुमार प्रभाश व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पूर्ण केली.

स्थानिक पातळीवर बळावलेला, परंतु दूरच्या अवयवांत न पसरलेला कर्करोग असलेल्या ५३६ रुग्णांची दोन समान गटांत यादृच्छिक विभागणी करण्यात आली. दोन्ही गटांना ६६ ते ७० ग्रे किरणोपचार व दर आठवड्याला शरीराच्या प्रति चौरस मीटर क्षेत्रफळामागे ३० मिलिग्रॅम सिस्प्लॅटिन देण्यात आले. एका गटाला त्यासोबत दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम निमोट्युझुमॅब मिळाले.

निमोट्युझुमॅब मिळालेल्या गटात रोग बळावण्याचा किंवा मृत्यूचा एकत्रित धोका सुमारे ३१ टक्क्यांनी कमी आढळला. मूळ जागी व मानेत रोग परतण्याचे प्रमाणही घटले. एकूण आयुर्मानात वाढीचा कल दिसला, पण तो फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झाला नाही. तोंड व घशातील श्लेष्मल त्वचेचा तीव्र दाह ६६.७ टक्के रुग्णांत झाला. दुसऱ्या गटात हे प्रमाण ५५.८ टक्के होते. इतर गंभीर दुष्परिणाम दोन्ही गटांत सारखेच होते.

मर्यादा व मतभेद

याच रुग्णालयातील दुसऱ्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले होते. त्या ३०० रुग्णांपैकी बहुतेकांवर आधी शस्त्रक्रिया झालेली होती. दर आठवड्याला ३० मिलिग्रॅम सिस्प्लॅटिन मिळालेल्यांत दोन वर्षांनंतर रोग स्थानिक पातळीवर आटोक्यात राहण्याचे प्रमाण ५८.५ टक्के होते, तर दर तीन आठवड्यांनी १०० मिलिग्रॅम मिळालेल्यांत ते ७३.१ टक्के होते. म्हणजे निमोट्युझुमॅबची तुलना सिस्प्लॅटिनच्या ज्या मात्रेशी झाली, ती मात्राच तुलनेने दुबळी होती. पूर्ण मात्रेच्या सिस्प्लॅटिनला या प्रतिपिंडाची जोड दिल्यास किती लाभ होईल, हे या चाचणीतून ठरत नाही. अमेरिकेत पूर्ण मात्रेच्या सिस्प्लॅटिनला सेटुक्सिमॅबची जोड देणाऱ्या चाचणीत कोणताही लाभ दिसला नव्हता. तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले.

दुसरी मर्यादा रुग्णांच्या निवडीची आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखूचे सेवन करतात. खानदेशासह राज्यभर आढळणाऱ्या मुखकर्करोगाचे ते एक प्रमुख कारण आहे. गाल व जिभेच्या कर्करोगावर मात्र सहसा आधी शस्त्रक्रिया केली जाते. शस्त्रक्रियेऐवजी किरणोपचार व रसायनोपचार घेणाऱ्या रुग्णांचे निष्कर्ष अशा रुग्णांना जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

मात्रा आणि किंमत

ग्राही अडवणाऱ्या प्रतिपिंडांची किंमत हा भारतातील रुग्णांसमोरचा मोठा प्रश्न आहे. याच संशोधकगटाने निवोलुमॅब या औषधाच्या अल्प मात्रेची चाचणी घेतली. निवोलुमॅब कर्कपेशीवरील नव्हे, तर रोगप्रतिकारक टी-पेशींवरील 'पीडी-१' हा ग्राही अडवते. त्याची प्रचलित मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम आहे. चाचणीत दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम देण्यात आले. रोग परतलेल्या किंवा बऱ्याच पुढच्या अवस्थेतील १५१ रुग्णांपैकी फक्त तोंडावाटे घ्यावयाची औषधे मिळालेल्यांत एक वर्षानंतर १६.३ टक्के हयात होते. निवोलुमॅबची जोड मिळालेल्यांत हे प्रमाण ४३.४ टक्के होते. रुग्णाला पूर्ण मात्रा परवडत नसेल तेव्हा अल्प मात्रेचा पर्याय उपयोगी ठरू शकतो, असे या अभ्यासातून दिसून आले.

हे सुद्धा पहा

ट्रास्टुझुमॅब
सेटुक्सिमॅब
मुखकर्करोग
टाटा स्मारक रुग्णालय