खळ्यावरचा वाटा

हलगी सोडायची ठरली तेव्हा पणजोबांना पाटलाची भीती नव्हती, पणजीची होती. आजी हे सांगायची आणि स्वतःच हसायची.

घर मांगाचं, हलगीवर चालणारं. लग्नात, जत्रेत, देवीच्या पालखीपुढं वाजवायचं, दोर वळायचे, केरसुण्या करायच्या आणि सुगीला खळ्यावर जाऊन बलुत्याचा वाटा घ्यायचा. पणजोबा जालन्याकडचे. बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी आधी मधली वाट काढून पाहिली. लग्नात वाजवीन, देवीपुढं वाजवणार नाही. पाटलानं हे हसण्यावारी नेलं, काही बोलला नाही. सुगीला मात्र पणजोबा सूप घेऊन खळ्यावर गेले, तेव्हा त्यांच्याकडं कुणी पाहिलंच नाही. रास मापली गेली, सुतार-लोहारांचे वाटे झाले, माणसं पांगली. कुणी शिवी दिली नाही की हात उगारला नाही. 'मारलं असतं तर बरं झालं असतं बग,' आजी म्हणायची, 'मारल्यालं सांगता येतं.' रिकामं सूप बघून पणजी जे बोलली ते मात्र आजीनं आम्हाला कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती खडी फोडायला जाऊ लागली, एवढंच.

जालन्याच्या ख्रिस्ती मंडळींत एक नाव अजून घेतात, नारायण शेषाद्री. जन्मानं ब्राह्मण. १८४३ साली मुंबईत स्कॉटिश मिशनऱ्यांकडं शिकत असताना ते ख्रिस्ती झाले. धाकटा भाऊ श्रीपतही त्यांच्या मागोमाग निघाला, पण तो जेमतेम बारा वर्षांचा. वडिलांनी कोर्ट गाठलं आणि मुंबईच्या सुप्रीम कोर्टानं मुलगा वडिलांच्या ताब्यात दिला. घरी आला तरी पंगतीला घ्यायचं कसं, हा प्रश्न उरलाच. मिशनऱ्यांकडं जेवलेला पोरगा शुद्ध होतो का, यावर शास्त्री-पंडितांत वर्षभराहून अधिक काळ खल चालला. त्याला परत जातीत घ्यावा म्हणून बाळशास्त्री जांभेकर पुढं झाले, तेव्हा सनातन्यांचा रोष त्यांच्यावरही ओढवला. मला या सगळ्यात त्या पोराचं फार वाटतं. थोरल्याला निवड करता आली. धाकट्याच्या निवडीवर न्यायाधीश, वडील, मिशनरी आणि शास्त्री असे सगळेच बोलले.

पुढं नारायणराव पाद्री झाले आणि १८६०च्या दशकात निजामाच्या मुलखात, जालन्याला आले. मुंबईत शिकलेल्या माणसाला तिथं बरी जागा मिळाली असती. हे मांगवाड्यांतून हिंडले. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ ख्रिस्ती लोकांचं एक गाव वसवलं आणि त्याला नाव दिलं बेथेल. १८७३ साली न्यूयॉर्कला ख्रिस्ती मंडळ्यांची मोठी परिषद भरली, तिथंही हे पागोटं बांधून गेले होते.

पणजोबांच्या काळापर्यंत नारायणराव वारले होते. पण बेथेलला जाऊन राहावं असं पणजोबांना वाटलं नाही. आजीच्या मते त्यांचा हिशेब साधा होता. तिथं सगळे आपलेच, तिथं हलगी न वाजवणं कुणाला कळणार? मला या हिशेबात थोडा हट्टही दिसतो. पणजीला त्या गावात सावली मिळाली असती, पोरांना शाळा मिळाली असती. श्रद्धेचे निर्णय घेणारा एक असतो आणि खडी फोडणारी दुसरी असते, हे मोठ्यांच्या गोष्टींत पुष्कळदा झाकलं जातं. लक्ष्मीबाई टिळकांनी ते झाकू दिलं नाही. १८९५ साली त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यानंतरची ताटातुटीची वर्षं लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त बायकोच्या बाजूनं मांडली. आमच्या पणजीला लिहिता येत नव्हतं.

'पोटासाठी बाटले' हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. १८९९-१९००च्या दुष्काळात मिशनच्या अन्नछत्रावर आलेली माणसं खूप होती, ही गोष्ट खोटी नाही. भुकेल्यानं भाकरीकडं जाऊ नये तर कुठं जावं? पण दुष्काळ सरला, अन्नछत्रं उठली, आणि गावाकडं परतून देवीपुढं एकदा हलगी वाजवली असती तर खळ्यावरचा वाटा पुन्हा सुरू झाला असता. काही जण तसे गेलेही, आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. जे राहिले ते पोटासाठी आले असतील, पण पोटाला चिमटा घेऊन राहिले.

जालन्याकडून माकणीला आम्ही आलो ते तेरणा नदीवरच्या धरणामुळं. निम्न तेरणेचं काम निघालं तेव्हा वडील मुकादम म्हणून आले, मागोमाग आजी आली. रविवारची उपासना आमच्याच ओसरीवर, चार घरची माणसं. रोज स्वयंपाकाच्या वेळी आजी एक मूठ ज्वारी गाडग्यात बाजूला टाकायची, महिन्याची साठली की पाळकांच्या हवाली करायची. ज्या वर्षी घरात कमी असायची, त्या वर्षीही मूठ पडायची. मूठ जरा लहान व्हायची, हे मी पाहिलंय.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपतीचं विसर्जन झालेलं. पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. किल्लारी आणि आमच्या शेजारची सास्तूर, होळी ही गावं दगडमातीच्या माळवदाखाली गेली. एकंदर आठ हजारांच्या आसपास माणसं दगावली. आजी आम्हा सगळ्यांच्या आधी बाहेर पळाली होती. पुढं एकदा कुणीतरी तिला चिडवलं, 'म्हातारे, तुझा तर देवावर भरवसा, मग पळालीस कशाला?' ती म्हणाली, 'पाय कुणी दिले रं मला?'

त्या दिवसांत ज्याला त्याला भूकंपाचं कारण ठाऊक होतं. कुणी म्हणे देवीचा कोप, तर प्रार्थनेला आलेले एक पाहुणे म्हणाले, प्रभूनं आपल्या लोकांना राखलं. आजी त्यांच्यावर कडाडली. 'सास्तूरच्या लेकरांनी काय घोडं मारलं होतं त्याचं?' पाहुण्यांचा चहा तसाच निवला. पाहुण्यांना असं बोललेली मी तिला तेवढीच पाहिली.

कागदाची गोष्ट वेगळी. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. पुढं १९५६ला शीख आणि १९९०ला बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर. थोरल्या चुलत्यांना शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी नाव-गाव विचारलं आणि जात स्वतःच लिहिली, 'हिंदू मांग'. वडिलांच्या वेळी आजोबा बरोबर गेले आणि 'ख्रिश्चन' लिहून घेतलं. एका आईचे दोन मुलगे. चुलत्यांना नोकरी लागली, वडील मुकादमीतच म्हातारे झाले. रविवारी दोघे शेजारी बसून गायचे, आणि चुलत्यांचा आवाज वडिलांपेक्षा चांगला होता. दशमांश काढायची वेळ आली की त्यांचीच पाकिटं जाड असत, त्यावर आमच्या पाळकांचं मानधन भागे.

नोव्हेंबर २०२४मध्ये पुद्दुचेरीच्या एका बाईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, ख्रिस्ती धर्म पाळायचा आणि केवळ आरक्षणासाठी हिंदू म्हणवायचं, ही राज्यघटनेशी फसवणूक आहे. कायद्याच्या बाजूनं ते बरोबर असेल. पण मांगवाडा सोडला म्हणून गावानं मांग म्हणणं सोडलं, असं मी तरी कुठं पाहिलेलं नाही. खळ्यावरून रिकामं सूप घेऊन परतणाऱ्याला गाव जातीनंच ओळखत होतं.

यंदा पुतण्याचा कॉलेजचा अर्ज भरायचा होता. धर्माच्या आणि जातीच्या रकान्यांवरून घरात दोन बाजू पडल्या, आवाज चढले. थोरले चुलते आता ऐंशीच्या पुढं गेलेत, खाटेवर पडून ऐकत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, 'माझ्या वेळी मला कुणी विचारलं नव्हतं. ह्याला तरी विचारा.'