माग : उभ्या गाडीची जुनी राखण 🧵

१/ निघोजे (ता. खेड, जि. पुणे) परिसरात कारखान्यांच्या मालाचे ट्रेलर उभे असतात. ओढणारा ‘घोडा’ सुटला की ट्रेलर एकटा उरतो. दुसरा घोडा जोडून तो पळवता येतो. बैल सोडलेल्या गाडीचीही हीच गत. मग पूर्वी तिची राखण कशी होई?

२/ पेशवाईत पुणे प्रांतातील अनेक गावांची राखण रामोशांकडे असे. शिवारात चोरी झाली, की पावलांच्या ठशांवरून आणि चाकोरीवरून ‘माग’ काढणे हे त्यांचे कर्तव्य होते.

३/ माग शेजारच्या शिवेत शिरला, की तो त्या गावाच्या स्वाधीन करायचा. पुढची जबाबदारी त्या गावाची. माग जिथे खुंटे, तिथल्यांवर भरपाईची पाळी येई. वाटसरूचे नुकसान असे गावाचे नुकसान ठरे.

४/ या राखणीच्या मोबदल्यात हक्क मिळत. कंपनी सरकारच्या काळात पुरंदरच्या रामोशांचे असे हक्क गेले आणि असंतोष पेटला. बंडाचे नेते उमाजी नाईक यांना ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी झाली. राखणदार सरकारदरबारी ‘दरोडेखोर’ ठरले.

५/ आज ट्रेलरच्या किंगपिनला कुलूप लागते, चाकाला जॅमर बसतो, जीपीएस माग दाखवतो. ही साधने हवीतच. परंतु जुन्या व्यवस्थेत माग स्वीकारणारा ठरलेला होता. रस्त्याकडेला उभ्या ट्रेलरची रात्र आज कोणाच्या शिवेत मोडते? मालक, वाहतूकदार की कारखाना? हे आधी ठरावे; कुलूप त्यानंतर.