फेकून दिलेल्या वस्तूंचा इतिहास

इतिहास ग्रंथांतून लिहिला जातो, तसा तो संग्रहालयांतूनही मांडला जातो. आणि मांडणारा हात कोणाचा, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच महत्त्वाचा आहे. गेल्या सत्रात एम.ए.च्या वर्गाला मी सार्वजनिक इतिहास आणि संग्रहालय हा विषय शिकविला. विद्यापीठीय विषय म्हणून त्याची सुरुवात १९७६ साली रॉबर्ट केली यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेत केली. वर्गाबाहेरच्या समाजासाठी आणि त्याच्या साक्षीने इतिहास मांडावा, हे त्याचे सूत्र. आपल्याकडे मात्र दिव्याखालच्या, ढालीखालच्या पाटीवर काळ, धातू आणि घराणे यांचा उल्लेख असतो. दिवा ओतणाऱ्याचा, ढालीचे कातडे कमावणाऱ्याचा उल्लेख क्वचितच.

घरची एक जुनी वस्तू आणून तिची नोंद लिहा, असे मी विद्यार्थ्यांना सांगितले. कोणी समई आणली, कोणी पणजोबांची पगडी. बौद्ध घरातला एक विद्यार्थी रिकाम्या हातांनी आला. त्याच्या आजोबांनी धर्मांतरानंतर देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले होते आणि वेसकराची घुंगुरकाठी चुलीत घातली होती. "सर, मी कशाची नोंद लिहू?" त्याने विचारले.

हे रिकामेपण दारिद्र्यातून आलेले नाही. ते निर्णयातून आलेले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंनी जुना धर्म टाकला, तो असा घराघरांतून बाहेर गेला. काठी ही तर वतनाची खूण. वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात मांडले. वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले.

मग अशी एखादी काठी कुठे उरली असेल, तर ती संग्रहालयात ठेवावी काय? गुलामीच्या खुणांचे प्रदर्शन नको, असे आपले तरुण म्हणतात. त्यांचा संताप रास्त आहे. परंतु आपण बोललो नाही, तर उद्या दुसरा कोणी तीच काठी 'ग्रामसंस्कृती' म्हणून भिंतीवर टांगेल.

याबाबतीत दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनचे उदाहरण मला मोलाचे वाटते. तेथील डिस्ट्रिक्ट सिक्स ही वस्ती वर्णद्वेषी सरकारने १९६६ साली गोऱ्यांसाठी राखीव ठरविली. ६०,००० हून अधिक माणसे हुसकावली, घरे पाडली. १९९४ साली तेथे संग्रहालय उघडले. त्याच्या जमिनीवर वस्तीचा नकाशा आहे आणि जुन्या रहिवाशांनी आपापल्या घराच्या जागी स्वतःच्या हाताने नावे लिहिली आहेत. रस्त्यांच्या पाट्या तर पाडकामावरच्याच एका माणसाने जपून ठेवल्या होत्या. तिथे बोलतात ती हुसकावलेली माणसे.

आपल्याही संग्रहालयात काठी असेल, तर तिच्याशेजारी ती जाळणाऱ्याची साक्ष हवी. काठी नसेल, तर रिकामी जागा आणि साक्ष तरी हवीच. तो विद्यार्थी आता आजीचे बोलणे उतरवून घेत आहे. १९५६ पाहिलेली माणसे थोडी उरली आहेत. हे काम आपल्या प्रत्येक वस्तीत, ती माणसे आहेत तोवर, झाले पाहिजे.