गुमास्ता: माणसाचा कागद झाला तेव्हा

पंचवटीतल्या लॉजची खोली आठ-दहा दिवसांसाठी घेऊन साड्यांचा सेल मांडणाऱ्याला पहिला प्रश्न येतो, 'गुमास्ता आहे का?' विचारणाऱ्याला कारकून नको असतो, कागद हवा असतो. १९४८च्या मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियमाखालच्या नोंदणीचे हे लोकांनी ठेवलेले नाव. २०१७च्या महाराष्ट्राच्या कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांना नोंदणीऐवजी नुसती सूचना पुरेशी केली, तरी नाव टिकले.

फारसीत 'गुमाश्तन' म्हणजे नेमणे; गुमाश्ता म्हणजे नेमलेला. यातला आरंभीचा 'गु' मोठा गमतीचा. जुन्या इराणी 'वि' उपसर्गाचा फारसीत पुष्कळदा 'गु' होतो. आपला 'गुन्हा' संस्कृत 'विनाशा'चा भाऊबंद, आणि 'गुजरणे'त 'वि' अधिक 'तृ' दडलेला दिसतो. त्याच न्यायाने गुमाश्तनमध्ये 'वि' आणि स्मरण-गणनेचा 'मर्' हा धातू असावा. हा धातू संस्कृत 'स्मृ'चा सगोत्र. 'शुमार'मध्येही तोच दिसतो. म्हणजे रचनेपुरता 'गुमास्ता' हा 'विस्मृत'चा चुलतभाऊ ठरावा! तिकडे ध्यानात धरून नेमलेला, इकडे ध्यानातून गेलेला.

पेढीचा मालक एका गावी, गुमास्ता दुसऱ्या गावी, ही जुनी रीत. बंगालमध्ये ईस्ट इंडिया कंपनीने १७५३च्या सुमारास दलाल व्यापाऱ्यांना बाजूला सारून माल गोळा करायला पगारी गुमास्ते नेमले. परगावी बिऱ्हाड करून दुसऱ्याच्या वतीने व्यवहार पाहणे, हा त्याच्या कामाचा मोठा भाग.

मग माणसाचा कागद कसा झाला? १९४८चा कायदा मुळात दुकानातल्या नोकरांचे कामाचे तास आणि साप्ताहिक सुट्टी ठरवणारा. 'गुमास्त्यांचा कायदा', मग 'गुमास्ता लायसन', शेवटी नुसता 'गुमास्ता', अशी ही झीज असावी. अशी वाट इतरही शब्दांनी धरलेली दिसते. अरबी 'ज़ामिन' म्हणजे हमी घेणारा माणूस. आज मराठीत 'जामीन' मिळतो. 'परवाना'ही तेराव्या शतकातल्या रूमच्या सेल्जुक दरबारात एका अधिकाऱ्याचे पद होते. मुईनुद्दीन परवाना हे नाव इतिहासाला ठाऊक आहे.

लॉजवाल्याच्या शब्दांतही असेच कोडे आहे. 'मुक्काम' आणि 'कायम' दोन्ही अरबी 'क़-व-म', उभे राहणे, या एकाच धातूचे. उभे राहण्याची जागा म्हणून मुक्काम तात्पुरता, उभाच राहिलेला म्हणून कायम. टपालाच्या 'मु. पो.'मध्ये तर मुक्कामच कायमचा पत्ता झाला. 'कायदा' मात्र 'क़-अ-द', बसणे, यावरून आला. पाया, बैठक हा त्याचा मूळ अर्थ.

२०२७च्या सिंहस्थासाठी नाशकात येणाऱ्या फिरत्या व्यापाऱ्यांना गुमास्ता आणि जागेचा वापर यांतला भेद उपयोगी पडावा. गुमास्ता आस्थापनेची आणि तिथल्या माणसांची नोंद सांगतो; त्याने रहिवासी जागा वाणिज्य होत नाही. जागेचा वापर महापालिकेच्या विकास नियमांत पाहावा लागतो, शिवाय खोलीच्या मालकाची संमती लागते ती वेगळीच. 'कोण' आणि 'कुठे' हे दोन प्रश्न एका बोलीशब्दाने एकत्र बांधले आहेत. व्यवहारात ते सोडवून विचारलेले बरे.