मॉलचे मूळपुरुष

‘माल’ या शब्दाच्या डोक्यावर एक अर्धचंद्र काढला की त्याचा ‘मॉल’ होतो, हा शोध आमच्या शिरूरच्या व्यापारी मंडळींना लागून आता बरीच वर्षं झाली. काचेचं दार, दारावर ‘ढकला’ अशी पाटी आणि आत सामान घालून फिरवायची एक चाकाची गाडी, एवढ्या भांडवलावर मॉल निघतो. ‘किराणा व भुसार मालाचे व्यापारी’ ही जुनी पाटी चंद्रासकट नव्याने रंगवून घेतली की नारळ फोडायला हरकत नाही. चपलांचा मॉल असतो, साड्यांचा असतो, भांड्यांचा असतो. पशुखाद्याचा मॉल अजून माझ्या पाहण्यात नाही. पण त्याचं कर्जप्रकरण आमच्या शाखेत येणारच नाही, अशी हमी मी देत नाही.

मी जन्माने दौंडकर आणि पोटाने शिरूरकर. म्हणजे घर दौंडला, नोकरी शिरूरला आणि उरलेलं आयुष्य चौफुला-न्हावरे रस्त्यावर. ही दोन्ही गावं इंग्रजांना सोयीची वाटली. शिरूर ही घोडनदीकाठची छावणी. १८१८ साली कोरेगावच्या लढाईला गेलेली कॅप्टन स्टाँटनची तुकडी इथूनच निघाली होती. दौंड हे जंक्शन. १८७८ साली मनमाडचा फाटा सुरू झाला आणि गावाच्या नशिबात कायमची वाट पाहणं आलं. अशा गावांतला माणूस थोडा वेळ तरी रिकामा असतोच. रिकाम्या माणसाला दोन गोष्टी लागतात : बघायला दुकानं आणि बसायला जागा. मॉलचा सगळा इतिहास मला तरी या दोन गोष्टींचा जमाखर्च वाटतो. मी बी.कॉम. असल्यामुळे मला सगळ्यातच जमाखर्च दिसतो, हे आमच्या सौ.चं मत वाचकांनी विचारात घेऊ नये.

आता मूळ शब्द बघा. इंग्लंडात पूर्वी ‘पॉल मॉल’ नावाचा एक खेळ होता. लाकडी हातोडीने चेंडू टोलवत लांबच लांब पट्टीवरून न्यायचा. खेळ पुढे मागे पडला, पट्टी राहिली. तिच्या कडेने झाडं होती, म्हणून लोक तिथे संध्याकाळी फिरायला जाऊ लागले आणि सावलीतल्या फिरण्याच्या रस्त्याला ‘मॉल’ म्हणायची पद्धत पडली. साहेबाने सिमल्यात वस्ती केली तेव्हा तिथेही त्याला असा मॉल लागलाच. म्हणजे मॉल हा मुळात फुकट फिरायचा रस्ता.

त्याची इमारत केली ती व्हिक्टर ग्रुएन नावाच्या व्हिएन्नाच्या आर्किटेक्टने. जन्म १९०३ चा. मूळचं आडनाव ग्रुनबाउम. हा गृहस्थ दिवसा नकाशे काढी आणि रात्री हौशी नाटकमंडळीत राजकारण्यांची टिंगल करी. १९३८ साली हिटलर ऑस्ट्रियात शिरला. टिंगल करणारा, त्यातून ज्यू. तो जीव घेऊन अमेरिकेला पळाला. तिथे उतरला तेव्हा म्हणे खिशात आठ डॉलर होते. तिथे त्याने काय पाहिलं? माणसं मोटारीतून घरी जातात, मोटारीतून दुकानात जातात, आणि मध्ये कुठे शेजारी भेटायची सोय नाही. व्हिएन्नात चौक होते, कारंजी होती, एका कपावर अर्धा दिवस बसू देणारी कॉफीची दुकानं होती. ग्रुएनला मोटारीचा मनापासून राग होता. त्याने ठरवलं की अमेरिकेला एक चौक बांधून द्यायचा.

तो चौक ८ ऑक्टोबर १९५६ रोजी मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिसजवळच्या इडायना गावी उघडला. नाव साउथडेल. खर्च दोन कोटी डॉलर. दोन मजले, ७२ दुकानं, आणि सगळ्यावर एक छप्पर. तिकडचा हिवाळा हाडं फोडणारा आणि उन्हाळाही तापट. म्हणून आत बारमाही एकच हवा. मध्यभागी मोठा चौक, वरून उजेड, झाडं, माशांचं तळं, पक्ष्यांचा उंच पिंजरा आणि बसायला खुर्च्या. एका टोकाला डेटनचं मोठं दुकान, दुसऱ्या टोकाला त्याच्या प्रतिस्पर्ध्याचं, म्हणजे गिऱ्हाइकाने या टोकाकडून त्या टोकाकडे जावं आणि वाटेतल्या छोट्या दुकानदारांचं भलं व्हावं. वर-खाली करायला सरकते जिने. बाहेरच्या भिंतींना मात्र खिडक्या जवळजवळ नाहीतच. कारण बाहेर बघण्यासारखं होतं काय? मोटारी.

हे वर्णन मी प्रथम वाचलं तेव्हा मला वाटलं, हा तर वाडा! बाहेरून आंधळी भिंत, तोंड सगळं आत, मध्ये चौक, चौकात उजेड आणि भोवती दोन मजली ओसऱ्या. आमच्या पूर्वजांनी फक्त दुकानं घातली नाहीत, भाडेकरू घातले. आणि आमच्या वाड्याच्या चौकावर काच नव्हती, पाऊस सरळ आत येई. त्याबद्दल मालक भाडं कमी करत नसत, हा भाग वेगळा.

मग हा नमुना अमेरिकाभर का पसरला? लोक म्हणतात मोटारींमुळे, लोक म्हणतात उपनगरांमुळे. दोन्ही खरं. पण यात आमच्या कॉमर्सवाल्यांचाही हात आहे, आणि त्याचं श्रेय आम्हांला कोणी देत नाही. १९५४ साली अमेरिकन सरकारने कर आकारताना नव्या बांधकामावर जलद घसारा मंजूर केला. घसारा म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : वस्तू जुनी होते, तिची किंमत दरवर्षी थोडी वजा धरायची आणि तेवढ्या रकमेवर कर भरायचा नाही. एरवी इमारतीचा घसारा सावकाश, चाळीस-चाळीस वर्षं धरत. आता तो सुरुवातीच्या वर्षांतच भराभर धरायला परवानगी मिळाली. झालं! मॉल हिशेबात तोट्यात आणि खिशात नफा. पहिली वर्षं वजावट घ्यायची, मॉल विकायचा आणि आणखी दोन मैल पुढच्या शेतात नवा बांधायचा. सवलत नव्या बांधकामाला. जुन्या पेठेतल्या दुकानाच्या डागडुजीला तसलं काही नाही. १९८६ साली ही सवलत बंद झाली, तोवर गावोगावच्या जुन्या पेठा ओस पडल्या होत्या. घसाऱ्याने इमारती झिजतात असं आम्हांला कॉलेजात शिकवलं. त्याने इमारती उगवतात, हे आमच्या सरांना ठाऊक नसावं.

ग्रुएनने साउथडेलभोवती घरं, शाळा, दवाखाना, बाग, तळं असं अख्खं गाव रंगवलं होतं. पैसेवाल्यांनी त्यातलं दुकानांचं पान फाडून घेतलं आणि बाकीची वही परत केली. पुढच्या मॉलवाल्यांनी खुर्च्याही कमी केल्या. बसलेला माणूस खरेदी करत नाही. मॉलमध्ये शिरल्यावर आपण काय घ्यायला आलो हेच माणूस विसरतो आणि दिसेल ते घेत सुटतो, या अवस्थेला तिकडच्या पंडितांनी ग्रुएनचंच नाव दिलं. चौक बांधायला निघालेल्या माणसाचं नाव भुलीच्या औषधाला दिल्यासारखं झालं हे. तो वैतागून व्हिएन्नाला परत गेला, तर १९७६ साली तिथेही शहराबाहेर दक्षिणेला एक भलामोठा मॉल येऊन बसला! शेवटी १९७८ साली लंडनच्या एका भाषणात त्याने सांगून टाकलं की ही अवलाद माझी नव्हे, तिची पोटगी माझ्याकडे मागू नका. १९८० साली गेला बिचारा.

साउथडेल अजून आहे, पण अंगावरचे कपडे बदलत बदलत. १९९१ साली डेटनने शेजारी नवं मोठं दुकान बांधलं आणि जुन्या जागेत छोटी दुकानं आली. आणखी एक बडं दुकान उठून गेलं. त्या जागी २०१९ साली व्यायामशाळा उघडली. पूर्वी लोक तिथे वजनदार पिशव्या घेऊन बाहेर पडत. आता वजन तिथेच ठेवून येतात.

आपल्याकडेही हे नाट्य जुनं आहे. पुण्यात शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भाजी बसत असे. तिला छप्पर द्यायचं ठरलं तेव्हा महात्मा फुले नगरपालिकेचे सभासद होते. मंडईच्या इमारतीवर एवढा पैसा ओतण्याऐवजी शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. ते कोणी ऐकलं नाही. १८८६ साली मधोमध अष्टकोनी मनोरा आणि चहूकडे हात पसरलेली देखणी इमारत उभी राहिली. नाव गव्हर्नरसाहेबांचं, रे मार्केट. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत गेले आणि त्यांच्या पुढाकाराने तिला नाव मिळालं महात्मा फुले मंडई! जोतीराव असते तर हसले असते की रागावले असते, सांगता येत नाही. पण ग्रुएनने आपल्या नावाबद्दल जी तक्रार केली, ती करण्याचा पहिला हक्क त्यांचा होता.

मुंबईत १९९९ साली हाजीअलीजवळ ‘क्रॉसरोड्स’ सुरू झाला, देशातल्या अगदी पहिल्या मॉलांपैकी एक. नवलाई बघायला इतकी गर्दी लोटली की काही काळ दारावर मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर तिकीट काढा, असा नियम आला. फुकट फिरायच्या रस्त्याला तिकीट! तो मॉल पुढे मालक आणि नाव बदलून वेगळाच झाला. तिकडे लोअर परळला १९०५ साली निघालेल्या फिनिक्स मिलच्या आवारात दुकानं थाटली गेली. मिलचा मॉल होताना मराठीत फार खर्च येत नाही, एक मात्रा इकडची तिकडे. पण १९८२ च्या संपानंतर ज्यांच्या घरची चूल थंडावली, त्यांना तो खर्च भरावा लागला. चिमणी मात्र ठेवलीय. धूर नाही, भोंगा नाही, नुसती शोभेला. त्याच कंपनीचा मॉल २०११ पासून पुण्याच्या विमाननगरात आहे, आमच्या शिरूरच्या एस.टी.च्या वाटेवर. सुट्टीत अख्खं शिरूर तिथे गार हवा खायला जातं आणि येताना शिरूरमध्ये उतरून भाजी घेतं.

तालुक्याच्या गावांना मॉलच्या आधी ‘शॉपिंग सेंटर’ आलं. चंदीगडला ले कॉर्बुझिए या फ्रेंच पंडिताने सिमेंटच्या उघड्या भिंती, ऊन अडवणाऱ्या उभ्या पट्ट्या आणि सेक्टर १७ मध्ये फक्त पायी चालणाऱ्यांचा चौक असं काय काय केलं. त्यातल्या पट्ट्या तेवढ्या आमच्या इंजिनिअरांनी उचलल्या. दौंडातलं एक शॉपिंग सेंटर (कोणाचं ते सांगत नाही, मला गावात राहायचं आहे) माझ्या जन्माच्या आसपासचं. सपाट स्लॅब, पुढे सिमेंटची जाळी, खाली गाळे, वर गाळे. खालचे गाळे पागडी देऊन गेले. वरच्यांत आधी कबुतरं आली, मग टायपिंगचा क्लास, मग करसल्लागार. स्लॅब पहिल्या पावसापासून गळका. पण पुढे रुंद, लांबच लांब चार पायऱ्या होत्या, आणि दुपारी तीननंतर त्यांच्यावर जाळीची सावली पडे.

त्या पायऱ्या ही आमच्या अण्णांची जागा. अण्णा रेल्वेतून पार्सल क्लार्क म्हणून निवृत्त झाले. आई गेल्यापासून घरात त्यांना दुपार सरत नाही. मी शिरूरला, ही शाळेत शिकवायला, नातू क्लासला. ते तिथे जाऊन बसत. दोन निवृत्त गार्ड, एक एस.आर.पी.चे जमादार आणि अण्णा. समोरच्या चहावाल्याचे चार अर्धे कप. गाड्यांच्या उशिरापासून सुनांपर्यंत सगळी चर्चा. त्या पायऱ्यांचं भाडं कोणी घेतलं नाही. ग्रुएनने दोन कोटी डॉलर खर्चून जे करायला घेतलं होतं, ते आमच्याकडे इंजिनिअरला पायऱ्यांचं माप चुकल्यामुळे झालं होतं.

तीन वर्षांपूर्वी सेंटरचं ‘रिनोव्हेशन’ झालं. पट्ट्या आणि जाळी निळ्या काचेआड आणि चकचकीत पत्र्याआड गेली. स्लॅब गळतोच; आता काचेच्या आतून गळतो, एवढंच. पायऱ्या तोडून गुळगुळीत ग्रॅनाइटचा उतार केला आणि कडेला लोखंडी कुंड्या मांडल्या. कुंडीवर माणूस बसू नये म्हणून तिला अणकुचीदार काठ आहे. वर पाटी लागली : ‘सिटी मॉल’. अण्णा पहिल्या दिवशी तिथे उभे राहिले. वॉचमनने आदराने विचारलं, “बाबा, काही घ्यायचंय का?” अण्णा म्हणाले, “नाही.” तो म्हणाला, “मग जरा बाजूला व्हा, गिऱ्हाइकांना अडचण होते.”

अण्णांनी घरी येऊन हे सांगितलं नाही. मला चहावाल्याने सांगितलं.

आता चौघं दौंड जंक्शनवर जातात. छप्पर आहे, पंखे आहेत, पाण्याचा नळ आहे, आणि बघायला गाड्या आहेत. स्टेशनवरचा स्टाफ अण्णांना ओळखतो, कोणी त्यांना अडवणार नाही. पण अण्णा रोज खिडकीशी रांगेत उभे राहून दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढतात. ते दोन तास चालतं. दोन तास झाले की जमादार घड्याळ बघतात आणि सगळे उठतात. तिकिटं अण्णा फेकत नाहीत. कपाटात आईच्या औषधांच्या डब्यात ती तारीखवार रबर लावून ठेवलेली आहेत. ऑडिटला कुणी आलंच तर असावीत म्हणून.